काळ्या पेटीतला टेनर

६ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. फोन करत नाही. मागच्या वेळी मी "जमलं एकदाचं" म्हणाले ते सॅक्सोफोनच्या नव्या रीडबद्दल, आणि तू मामीला सांगितलंस की पोरीचं लग्न जमलं. तुझं कानातलं यंत्र आणि आमच्या लाँड्रीतला फोन यांचं काही पटत नाही. शिवाय मालक खासगी फोनवर डोळे वटारून असतो. म्हणून पत्र.

एक सल्ला हवाय, आणि लवकर हवाय.

माझा सॅक्सोफोन शेवटच्या घटका मोजतोय. शिकाऊ पोरांसाठी बनवलेला. तू म्हणाला होतास वर्षभर चालव, मी लग्नाच्या नवऱ्यासारखा निभावला. दोन किल्ल्या रबरबँडवर आहेत. हॉटेलात दुपारच्या चहाला आम्ही तिघं वाजवतो ना, पियानोवर मास्तर, तो ड्रमवाला आणि मी. परवा मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, खालचे सूर येतायत की नुसती वाफ?" सकाळभर इस्त्रीच्या वाफेतच असते मी, तरी ते लागलं.

आणि त्याच आठवड्यात किराणा दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली. जुना टेनर सॅक्सोफोन विकणे. दुपारी दोन ते चार याच वेळात यावे.

गेले. पहिल्या मजल्यावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची खोली आहे. खिडकीखाली मशीन, कोपऱ्यात टाचण्या टोचलेला बिनडोक्याचा पुतळा, रंगांप्रमाणे रचलेली कापडं. बाई चाळिशीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. कपाटावरून काळी पेटी काढली ती स्टुलावर चढून. "नवऱ्याचा आहे," म्हणाल्या. "त्यांनी वाजवायचं सोडलं."

मामा, काय वस्तू आहे! सोनेरी मुलामा जागोजागी उडालाय, पण कुठे पोचा नाही. घंटेवर, म्हणजे त्या रुंद तोंडावर, वेलबुट्टी कोरलेली, हातानं कोरलेली. मी मुखनळीला ओठ लावणार तेवढ्यात बाईंनी खिडकी लावली, दाराच्या फटीला जाजम गुंडाळून लावलं आणि म्हणाल्या, "हळू वाजवा हं." हळू वाजवला. सगळ्यात खालचा सूर असा आला की मशीनवरच्या कात्र्या थरथरल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा तो सूर न घाबरता लावला.

किंमत सांगितली तेव्हा मला वाटलं, एक शून्य बोलायचं राहिलं असेल. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाईंनी पटकन पुढे होऊन सॅक्सोफोनच्या घंटेवर हात ठेवला. रडणाऱ्या पोराच्या तोंडावर ठेवतात ना, तसा. पावलं वर निघून गेली. "शेजारी," असं म्हणून हसल्या, पण हात काढायला त्यांना जरा वेळ लागला.

घेऊ की नको? घरी आल्यापासून हातपाय गार पडलेत, आणि ते कशानं हे मला नीट सांगता येत नाही. चांगली वस्तू मिळतेय म्हणून, की दुसरंच काही?

तुझी
पिपाणी


११ फेब्रुवारी

चि. पिपाणीस आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं आधी फोडलं, आधी वाचलं आणि आधीच मत देऊन टाकलं: "नको म्हणावं." आता माझं ऐक.

चांगला टेनर कुणी फुकटासारखा विकत नाही. मी तीस वर्षं वाजवला, दहा जणांना घेऊन दिला, एकदाही कुणी दोन ते चार अशी वेळ घातली नाही. दाराला जाजम कोण लावतं? ज्याच्या घरात दुसऱ्याची वस्तू आहे तो. मला हा चोरीचा माल वाटतो. उद्या हॉटेलात वाजवत बसशील आणि खरा मालक पोलीस घेऊन समोर उभा राहील. तेव्हा वेलबुट्टी दाखवणार का त्याला?

तरी तुझं मन अडकलंय हे कळतं. परत गेलीस तर सोबत कुणाला तरी ने, आणि एवढं बघून ये. छोटा टॉर्च आत घालून अंधारात बघ, किल्ल्यांच्या गाद्यांखालून उजेड दिसतो का. वरची वाकडी नळी कधी डागलीय का, बोट फिरवून बघ. मुखनळीवर दातांच्या खुणा कशा आहेत ते बघ. गळपट्टा केवढा ठेवलाय तेही बघ. यावरून वाजवणारा कळतो. नवऱ्याचा आहे म्हणते ना, मग नवरा कसा आहे ते नजरेखालून घाल. गोष्ट खोटी असेल तर कुठेतरी उसवलेली दिसेल.

मी माझ्या परीनं चौकशी करतो. तुझ्या गावातला तो वाद्यं दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा आहे. चोरी झाली असेल तर त्याच्या कानावर असणारच.

घाई करू नकोस. वस्तू गेली तर जाऊ दे. जीव नको टांगणीला.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

तू म्हणालास तसं सगळं बघितलं. सोबत मात्र कुणी नेलं नाही. ड्रमवाल्याला विचारलं तर त्याला त्याच दुपारी दाढ दुखायला लागली.

गाद्या चांगल्या आहेत, फक्त एका ठिकाणी उजेड दिसला. नळीला डाग नाही. मुखनळीवर दातांच्या खुणा आहेत, दोनच, बारीक आणि जवळजवळ. गळपट्टा इतका आखूड की मला मान वाकवून वाजवावं लागलं, आणि त्याची कडी तिथेच गंजून बसलीय. अगदी मागच्या बाजूला, उजवा अंगठा जिथे टेकतो तिथला मुलामा पार उडालाय.

नवराही बघितला. तू नजरेखालून घाल म्हणालास, पण त्यानंच मला घातलं.

मी सॅक्सोफोन गळ्यातून काढतच होते तेवढ्यात बाई ताठ झाल्या. मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पडद्यांच्या ढिगाखाली सरकवला, रिकामी पेटी कपाटावर, गळ्यातली टेप माझ्या छातीभोवती. हे सगळं किल्ली कुलपात फिरेपर्यंत झालं. "चौतीस," त्या मोठ्यानं म्हणाल्या. त्यांची बोटं माझ्या बगलेत बर्फासारखी होती.

तो दारात उभा राहिला. चांगला उंच आहे, दाराच्या चौकटीला डोकं लागेल म्हणून किंचित वाकून उभा राहतो. लिफ्ट दुरुस्त करतो, हातात कामाची पिशवी होती. आवाज मात्र इतका मऊ की पुढे होऊन ऐकावं लागतं.

"कोण?"

"गिऱ्हाईक. ड्रेस शिवायचाय यांना."

"रंग कुठला?" हे त्यानं मला विचारलं.

"निळा," मी म्हणाले. का निळा, देव जाणे.

"छान दिसेल," तो म्हणाला. मग बाईंकडे वळून त्याच आवाजात, "आज खिडकी बंद?"

"वाऱ्यानं कापड उडतं."

"आज वारा नाहीये."

एवढंच. ओरडला नाही, काही नाही. खिडकी उघडली, पाणी प्यायला, स्टूल जिथे होतं तिथून उचलून कोपऱ्यात ठेवलं. बाई माझ्या बाहीचं माप घेत होत्या, आणि त्यांची स्वतःची बाही वर सरकली. मामा, मनगटाच्या वर चार बोटांचे ठसे होते. पिवळे पडलेले, आणि त्यावर नवे.

मी मापं देऊन निघाले. रस्त्यावर आल्यावर वर बघितलं तर तो खिडकीत उभा होता.

तेव्हा तू काळजी करू नकोस. त्यांना नाही म्हणून कळवून टाकलंय. रबरबँड नवे घेतलेत.

पिपाणी


२४ फेब्रुवारी

चि. पिपाणीस,

नाही म्हणालीस ते फार चांगलं केलंस. मामीनं देवापुढे साखर ठेवली आणि मग ती स्वतःच खाल्ली.

पण तुझं पत्र मी परत परत वाचतोय. मी चुकलो होतो, पोरी. तो चोरीचा नाही. आखूड गळपट्टा, बारीक दातांच्या खुणा. दाराला डोकं लागणारा माणूस तो गळपट्टा लावून वाजवू शकत नाही. हा टेनर त्या बाईंचाच आहे. त्यांनी तो वर्षानुवर्षं वाजवलाय, अंगठ्यानं मुलामा झिजेपर्यंत. पुढच्या वेळी त्यांचा उजवा अंगठा बघितला असतास तर घट्टा दिसला असता.

तो माणूस घरात नसताना त्या स्वतःचीच वस्तू चोरासारखी विकतायत. का, ते मी लिहायला नको.

माझा जीव दोन्हीकडे ओढतोय. वाटतं, त्या बाईंना कुणीतरी हात द्यायला हवा. आणि वाटतं, तो कुणीतरी माझ्या बहिणीची एकुलती एक पोरगी नको. तू लहानपणी विंचवाला काडी लावायला जायचीस, ते मला माहीत आहे. तो माणूस तुला बघून आहे. तू परत त्या जिन्यावर पाऊल ठेवू नकोस. मी म्हातारा झालोय, बहिरा झालोय, पण तुझा मामा आहे, आणि हे मी सांगतोय असं समज.

उत्तर लगेच टाक.

मामा


९ मार्च

पिपाणी,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नाही का? हे पत्र मी थेट टपाल कचेरीत जाऊन टाकतोय.

माझ्या हातून घोळ झालाय. दुरुस्तीवाल्याला मी लिहिलं होतं ना, जुन्या टेनरच्या चोरीबद्दल काही कानावर आलंय का म्हणून. त्यात तुझं नाव आलं, हॉटेलचं आलं. त्याला ओळख पटावी म्हणून मीच लिहिलं. आज त्याचं उत्तर आलं. चोरीबिरी काही नाही म्हणतो. पण खाली सहज लिहिलंय, की परवा एक उंच, सभ्य गृहस्थ विचारत आले होते, बायको घर सोडून गेलीय, तिनं इथे सॅक्सोफोन विकला का? आणि या शहाण्यानं मदत म्हणून सांगितलं, की मी नाही घेतला, पण अमक्या हॉटेलात एक बाई वाजवते, तिच्या मामांनी चौकशी केली होती.

मामीनं तुझ्या लाँड्रीत फोन लावला. तुझा मालक "गिऱ्हाईक आहात का?" म्हणाला. मामी "मामी आहे" म्हणाली. त्यानं ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलतच नाही.

तू वस्तू घेतलेली नाहीस, तेव्हा लपवण्यासारखं काही नाही. तो आला तर खरं ते सांग, मोकळी हो. घेतला नाही म्हणावं. एकटी भेटू नकोस. चार माणसांत राहा. हे वाचलंस की पहिली गाडी पकडून इकडे ये.

मामीनं गाड्यांच्या वेळा मागच्या बाजूला लिहिल्यात.

मामा


१० मार्च

मामा,

आधी हे सांगते की मी ठीक आहे. आता बसून वाच. मामीलाही बसव.

मी तुझ्याशी खोटं बोलले. नाही म्हणाले नव्हते. मापं दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दिलेल्या पत्त्यावर बाई आमच्या लाँड्रीत आल्या. खांद्यावर पडद्यांचं बोचकं होतं. मालक समोर, म्हणून मी पावती फाडायला घेतली. त्यांनी बोचक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "जड आहे. सांभाळून." मला कळलं.

मी विचारलं, "तुमचाच आहे ना?" तुझं पत्र तेव्हा आलेलंही नव्हतं, पण बोचक्यावर टेकलेला त्यांचा घट्टा पडलेला अंगठा मी बघितला होता. त्या म्हणाल्या, "लग्नाआधीपासूनचा. लग्नाला पंधरा वर्षं झाली, गेली पाच हा कपाटावरच आहे. पेटी जागेवर दिसली की नवरा शांत असतो. पेटीत आता जुनी इस्त्री आणि चिंध्या भरल्यात."

मग मी मागे सामानाच्या खोलीत जाऊन जे काही साठवलं होतं ते सगळं आणून पडद्यांच्या पावतीखाली ठेवलं. मी त्यांना एकच गोष्ट सांगितली, "कुठे जाणार ते मला सांगू नका. मला खोटं नीट बोलता येत नाही." त्या म्हणाल्या, "शिकाल." आणि गेल्या.

तुला कळवलं असतं तर तू धावत आला असतास. म्हणून नाही कळवलं.

तेव्हापासून मी जगले म्हणजे काय, मामा, नुसती कान देऊन होते. लाँड्रीच्या दाराची घंटा वाजली की हातातला कपडा गळून पडायचा. एका गिऱ्हाइकाचा सदरा जाळला, मालकानं तो माझ्या पगारातून कापला. कुणी उंच माणूस समोरून आला की मी रस्ता ओलांडायचे. घरी टेनर वाजवायची हिंमत नव्हती, पलंगाखाली माझ्या जुन्याच तपकिरी पेटीत ठेवला होता. पण सगळे पैसे बाईंना दिल्यावर जुना सॅक्सोफोन मी भाड्यासाठी विनापेटी विकून टाकला होता, हॉटेलात काय वाजवणार? नाइलाजानं तोच घेऊन जाऊ लागले. मास्तर खूश. "आता कशी बाई वाजवतेय!" आणि बाईचं लक्ष सगळं दाराकडे.

काल दुपारी तो आला.

आम्ही एक गाणं संपवलं होतं, मास्तर चहाला गेले होते, ड्रमवाला वेटरशी गप्पा मारत होता. मी खुर्चीत, सॅक्सोफोन गळ्यात. मागून तो मऊ आवाज आला, "तुम्ही मापाला आला होता ना?"

वळले. तीच कामाची पिशवी, धुतलेला शर्ट, नीट भांग.

"हो," मी म्हणाले.

"ड्रेस मिळाला?"

"नाही हो. जाऊन आले, कुलूप होतं."

"ती नाहीये."

"कुठे गेल्या?"

"तेच विचारत फिरतोय." तो मास्तरांच्या स्टुलावर बसला, माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. "वाद्यं दुरुस्त करतो ना, तो म्हणाला, तुमचे मामा जुन्या टेनरची चौकशी करत होते."

हे मला माहीत नव्हतं, मामा. पण तोंडातून आपोआप निघालं, "हो, माझ्यासाठीच. पण काही जमलं नाही. मग त्यांनी त्यांचाच दिला. हाच. त्यांना आता ऐकू येत नाही."

"बघू?"

नाही कशी म्हणणार? गळ्यातून काढला आणि त्याच्या हातात दिला. आमचा ड्रमवाला तिकडून बघत होता आणि हसून मान डोलवत होता. त्याला वाटलं, कुणी शौकीन आला.

त्यानं तो पोटाशी आडवा धरला, लोखंडी पाइप धरतात तसा. वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. उलटा केला. मामा, त्याचा अंगठा बरोबर त्या झिजलेल्या जागेवर होता. तिच्या अंगठ्याच्या जागी. आता म्हणेल, आता म्हणेल. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते की ओळख, ओळख, आणि संपव एकदाचं.

"जड असतो," तो म्हणाला.

"हो."

"तिचा काळ्या पेटीत होता." त्यानं माझ्या खुर्चीखाली बघितलं. "तुमची पेटी तपकिरी."

"हो."

"हे सगळे सारखेच दिसतात का?"

"बाहेरच्याला सारखेच दिसतात," मी म्हणाले. माझा आवाज कुठून आला कोण जाणे.

"ती वाजवायची तेव्हा मी दार लावून घ्यायचो," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही, सहज सांगितल्यासारखं. मग सॅक्सोफोन माझ्या मांडीवर ठेवला आणि उठला. "ती ड्रेस द्यायला आली तर सांगा, मी रागावलेलो नाहीये."

रागावलेला नसतो तो माणूस असं सांगत फिरत नाही, मामा.

मास्तर परत आले. "चला बाई," म्हणाले आणि सुरूच केलं. ओठ कोरडे ठक्क, बोटं किल्ल्यांवर बसेनात. तो दालनाच्या टोकाला लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला होता, पाठ आमच्याकडे. त्या गाण्यात सगळ्यात खालचा सूर पहिल्याच ओळीत येतो. चुकवता आला असता. मी नाही चुकवला. लावला, आणि धरला. टेबलावरचे पेले किणकिणले. एक म्हातारी बाई चहा पिता पिता थांबली.

त्यानं मान कलती केली. पण तो लिफ्टचा आवाज ऐकत होता. लिफ्ट आली तसा अर्धवट वळून चालवणाऱ्याला म्हणाला, आणि त्या मऊ आवाजातलं ते मला ओठांवरून कळलं, "दोरी घासतेय. बघून घ्या." आत गेला, दार लागलं.

हा माणूस तिच्याबरोबर पंधरा वर्षं राहिला, आणि त्याला तिचा टेनर ओळखू आला नाही.

गाणं संपल्यावर मी मोरीत जाऊन ओकले. मग तोंड धुतलं आणि पुढचं वाजवलं.

रागाव पाहिजे तर. पण लवकर लिही.

पिपाणी


१५ मार्च

चि. पिपाणीस,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तू त्याला खरं सांगितलं असतंस तर? या विचारानं दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तू मामाचा शब्द ऐकला नाहीस म्हणून वाचलीस, हे मला या वयात गिळावं लागतंय.

रागावलोय. खूप रागावलोय, आणि हे सांगत फिरणार आहे. मामी म्हणते, रागाव पण नंतर, आधी विचार की पोरीनं जेवण केलं का.

मी त्या दुरुस्तीवाल्याला लिहिलंय, की माझ्या भाचीला मी माझाच टेनर दिला, चौकशी संपली. तुझं खोटं आता माझंही झालं. दोघांनी मिळून बोललं की ते जरा घट्ट बसतं.

घराचं कुलूप बदल. हॉटेलातून निघताना मास्तरांना सोबत घे. मी त्यांना वेगळं पत्र टाकलंय, फक्त एवढंच, की माझी भाची अंधारात घाबरते. हसू देत त्यांना.

आणि पोरी, तू तो घेतलास की नाही घेतलास, मला कळत नाहीये. पैसे दिलेस, वाजवतेस. पण तुला तो आपला वाटतो का?

मामा


२ एप्रिल

मामा,

कुलूप बदललं. मास्तर रोज कोपऱ्यापर्यंत येतात आणि वाटेत ते लहानपणी कशाकशाला घाबरायचे ते सांगतात. यादी मोठी आहे.

तो परत आला नाही. पण मी अजून दाराकडे तोंड करूनच बसते. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती आता रोजची झालीय, तिला घेऊनच कामाला जाते.

आज सकाळी लाँड्रीत फोन वाजला. मालकानं उचलला, "गिऱ्हाईक आहात का?" विचारलं आणि तोंड वाकडं करून माझ्याकडे दिला. "तुझ्याकडे दिलेल्या कोटाबद्दल विचारतायत."

"हॅलो," मी म्हणाले.

पलीकडे खूप मशीनं एकदम चालल्याचा आवाज होता, शिवणाची, पन्नास तरी असतील. मग त्याच बाई बोलल्या. "माझा एक लोकरीचा कोट होता तुमच्याकडे."

मी काउंटर घट्ट धरला. मालक बाजूलाच नोटा मोजत होता. "आहे," मी म्हणाले. "अगदी नीट आहे. केव्हा न्याल?"

मशीनं चालत होती. "आत्ता नाही जमणार. इथे ठेवायला जागा नाही. पण तो कुठे आहे हे माहीत असलं की मला झोप लागते."

"तुम्ही म्हणाल तेव्हा द्यायला तयार आहे," मी म्हणाले. "पैसे परत द्यायचे नाहीत. पावती तुमच्याच नावाची आहे."

मालकानं मान वर केली. असं कुठल्या गिऱ्हाइकाला सांगतात?

"तोवर वापरत नाही ना कुणी?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. मला कळेना, त्यांना काय ऐकायचंय. हो म्हटलं तर वाईट वाटेल का? नाही म्हटलं तर?

"वापरतेय," मी म्हणाले. "मीच. रोज."

त्या हसल्या. मामा, त्या बाईंना मी पहिल्यांदाच मोकळं हसताना ऐकलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "नुसता ठेवला की कसर लागते." आणि कुणीतरी मागून हाक मारली तशी फोन ठेवला.

मालकानं विचारलं, "कुणाचा कोट?"

मी म्हणाले, "एका बाईंचा आहे. ठेवायला दिलाय."

तुझी
पिपाणी